कबरीत तिघं, घरात दोघं

मी, श्रीमती जया बळवंत आढाव, वय त्र्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा फराळ करून विकणे, राहणार साईदर्शन सोसायटी, दुसरा मजला, कांदिवली (पूर्व), मुंबई, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाला, भिडेला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी देणंघेणं नाही असं वकील सिद्धेशने सांगितलं.

सिद्धेश आमच्याच बिल्डिंगमधला. लहानपणी माझ्या चकल्या पळवायचा, आता माझी वाक्यं खोडतो. त्याने टाइप करून आणलेला मसुदा कोरडा ठाक होता. वाचून मला वाटलं मी गेलेच. म्हणून हे सगळं माझ्या हाताने लिहीत आहे. कायदा त्याचा, बाकीचं माझं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करायची आहे आणि त्याबद्दल फी मागायची नाही, चकल्या आठवाव्यात.

कलम १. माझा आत्मा ज्याने दिला त्याच्याकडे परत जाईल. प्रभू येशूने माझ्या पापांची किंमत भरली, हे मी लहानपणापासून मानते. दुसऱ्यांच्या पापांचीही त्यानेच भरली, हे मानायला मला फार उशीर लागला.

कलम २. वारस. मला दोन मुलं आहेत. मुलगा हर्षद, वय पंचेचाळीस, पवईला राहतो, एका कंपनीच्या गोडाऊनचा मॅनेजर आहे. मुलगी अबोली, वय तीस, फिजिओथेरपिस्ट, माझ्याजवळ राहते. हर्षद माझ्या पोटचा. अबोली माझे दिवंगत पती बळवंत यांची मुलगी, पण माझ्या पोटची नाही. मी तिला वाढवलं आहे आणि ती माझी आहे, इथे कोणी भुवया उंचावू नयेत.

हे दोघं आजपर्यंत एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. हे मृत्युपत्र करण्याचं खरं कारण तेच. मी कागद न करता गेले तर कायद्याने अबोलीला या घरात काही मिळत नाही. मग हर्षद तिला ठेवील की काढील, हे मला, त्याच्या आईला, सांगता येत नाही. रात्री झोप लागत नाही ती त्यामुळे. विमला म्हणते ॲसिडिटी आहे. विमलाबद्दल पुढे येईलच.

अबोलीची आई कोण, ते लिहायला हवं. तिचं नाव मी सात वर्षं तोंडातून काढलं नव्हतं, 'ती' म्हणायचे. सिद्धेश म्हणाला, काकू, कायद्याच्या कागदात 'ती' चालत नाही. तर लिहिते. नलिनी. आमच्या चर्चच्या मराठी मंडळीत गायला होती. बळवंत तिथे पेटी वाजवायचा. दिसायला झकास, आवाज त्याहून झकास, आणि तिथेच वाट लागली. हर्षद चौदा वर्षांचा असताना बळवंत आम्हाला सोडून नलिनीबरोबर मुलुंडला राहायला गेला. पंचकमिटीने त्या दोघांची नावं भर उपासनेत वाचून दाखवली आणि त्यांना प्रभुभोजन बंद केलं. मी पहिल्या बाकावर नवी साडी नेसून बसले होते. तिथे रडले नाही. रडायला घरी पुष्कळ वेळ होता.

पुढे नलिनी कॅन्सरने गेली. अबोली तेव्हा सहा वर्षांची. बळवंतची नोकरी सुटली होती, साखर वाढली होती, तब्येतीचं पार चिपाड झालं होतं. पोरीला घेऊन तो कांदिवलीला परत आला, भाड्याची खोली घेतली, पाळकसाहेबांपुढे गुडघ्यांवर बसला आणि मग सगळ्या मंडळीसमोर उभा राहून आपलं पाप बोलला. मंडळीने त्याला परत घेतलं. मी घेतलं नाही. मंडळीला त्याच्याबरोबर संसार करायचा नव्हता.

कलम ३. गॅलरीतला पत्र्याचा डबा, कोथिंबिरीसकट. या डब्याची किंमत शून्य आहे, पण याच्यामुळे पुढचं सगळं झालं, म्हणून लिहिते.

आमच्या मंडळीत हंगामाच्या सणाला प्रत्येकाने आपल्या कष्टाचं काहीतरी देवापुढे आणायचं, आणि उपासना झाली की त्याचा लिलाव व्हायचा. गावाकडे ज्वारीची पोती येत. कांदिवलीत कुठली ज्वारी? इथे केक, नारळ, लोणच्याच्या बरण्या. एकदा एकाने जिवंत कोंबडी आणली, ती उडून पेटीवर बसली. बोली लावणारा वस्तूकडे बघत नाही, आणणाऱ्याकडे बघतो. पाळकीणबाईंची जेली सोन्याच्या भावाने जाते, आणि ती धड जमलेलीही नसते. शेवटची बोली ज्याची, त्याच्या हातात आणणाऱ्याने स्वतः जाऊन वस्तू द्यायची आणि सलाम करायचा, असा आमचा नियम.

त्या वर्षी अबोलीने हा डबा आणला. तिने स्वतः धणे पेरले होते. लिलाव चंद्रप्रकाश साळवे करत होते, त्यांनी डबा वर धरला. कोण बोलतं? कोणी बोलेना. सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. माझा चेहरा कळल्याशिवाय एकाचाही हात वर जाणार नव्हता. पोरगी डब्याखाली मान वर करून उभी. माझ्या शेजारी विमला, माझी जन्माची मैत्रीण आणि जन्माची चोंबडी, कानात म्हणाली, बरी जिरली. तिने माझ्या बाजूने बोलायचं म्हणूनच म्हटलं होतं. पण मला असा राग आला! त्या सहा वर्षांच्या पोरीची काय जिरवायची होती?

तेवढ्यात मागच्या बाकावरून बारीक आवाजात बोली आली. बळवंत. म्हणजे बापानेच आपल्या पोरीची कोथिंबीर विकत घ्यायची आणि दोघांनी मान खाली घालून घरी जायचं. मी हात वर केला. बळवंतला वाटलं, मी डबा घेऊन बाहेर फेकणार. त्याने बोली वाढवली. मी वाढवली. त्याने आणखी वाढवली. सात वर्षांनी आम्ही नवरा-बायको बोलत होतो, तेही साळव्यांमार्फत. आकडा कुठवर गेला ते लिहीत नाही, अबोलीला अजून हसू आवरत नाही. शेवटी साळवे हातोडी खाली ठेवून म्हणाले, "अहो, तुम्ही दोघं घरी जाऊन ठरवा ना." मंडळी हसली, पाळक हसले. मला पण हसू आलं, आणि हसता हसता डोळे कधी भरले ते कळलं नाही.

डबा माझा झाला. अबोली तो छातीशी धरून आली, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सलाम, मोठी आई." मी विचारलं, हे कोणी शिकवलं तुला? तर म्हणाली, आईने. आई सांगायची, कांदिवलीला तुझी मोठी आई आहे. नलिनीवरचा माझा राग त्या दिवशी गेला असं म्हणणार नाही, पण त्याला बसायला पूर्वीइतकी ऐसपैस जागा राहिली नाही.

महिन्याभराने मी बापलेकीला घरी आणलं. हा डबा मी विमलाला देत आहे. तिने त्यात कोथिंबीर लावावी आणि कानात बोलणं कमी करावं.

कलम ४. भांडी आणि हत्यारं. दिवाळी झाली की बाकीच्यांचे झारे धुऊन माळ्यावर जातात, माझे नाताळपर्यंत कढईतच. दोन मोठ्या कढया, पितळी सोऱ्या, करंजीचं कातणं आणि अनारशांचा लाकडी पाट मी सून श्रुतिका हिला देते. ती माझ्या घरी एकदाही जेवली नाही, नवऱ्याचा मान राखून. पण दर नाताळात कुरिअरने माझे अनारसे मागवते, दुसऱ्याच्या नावावर. मुली, चिठ्ठीवरचं अक्षर ओळखते मी तुझं.

बळवंतची पेटी मंडळीला द्यावी. परत आल्यावर पाळकांनी त्याला वाजवायला सांगितलं होतं, तो नको म्हणाला. मागे बसून गाण्यांच्या फाटक्या पुस्तकांना खळ लावून पट्ट्या चिकटवायचा. त्याने डिंक वापरला असता तर झुरळं कमी झाली असती, पण पश्चात्तापाचं काम, मी बोलले नाही.

पोळपाट-लाटणं अबोलीला. शेवटच्या आजारात बळवंतने मला विचारलं होतं, जया, मला माफ केलंस का? मी त्याच्यासाठीच पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, "रोज करते. सकाळची संध्याकाळपर्यंत टिकत नाही, परत करावी लागते." तो म्हणाला, मग आजची झाली का? मी म्हटलं, झाली, जेवून घे. अबोली, तुलाही कधी लागेल तेव्हा आठव. एकदाच करून ठेवून द्यायची चीज नाही ती.

समोरचे निमेशभाई शहा, सोसायटीचे सेक्रेटरी. यांनी माझ्या तळणाच्या वासाबद्दल तीन मीटिंगा घेतल्या आणि चौथ्या मीटिंगला माझ्याच चकल्या ठेवल्या. त्यांना माझी पूर्ण क्षमा आणि घरात उरेल तेवढी भाजणी.

कलम ५. कबर. मला वेगळी जागा शोधू नये. बळवंत गेला तेव्हा कबरस्तानात जागा नव्हती. आमच्या नावावर एकच कबर उघडता येत होती, ती नलिनीची, कारण ती बळवंतने घेतलेली. आता सांगा. नवऱ्याला त्या बाईच्या कबरीत ठेवायचं, आणि हो म्हणायचं मी! कबरस्तानातले ऑफिसवाले फॉर्म पुढे करून खाली बघत होते. मी त्यांना म्हटलं, जरा थांबा, आणि बाहेर जाऊन नळाला पाणी प्यायले, देवाला चार शब्द सुनावले, परत आले आणि सही केली.

मला त्याच कबरीत ठेवावं. खालून वर नलिनी, मग बळवंत, मग मी. म्हणजे पुनरुत्थानाच्या सकाळी आधी मी उठणार, बाकीच्यांना वाट मिळणार ती मी बाजूला झाल्यावर. त्या वेळी काय बोलायचं ते मी बरीच वर्षं ठरवत होते. पुष्कळ मुद्दे होते. हल्ली एकेक गळत चाललाय. आता फक्त एवढंच राहिलंय की नलिनीला सांगायचं, पोरगी चांगली निघाली गं. सिद्धेशने हे वाक्य दोनदा खोडलं. मी तीनदा लिहिलं.

कबरीच्या पाटीवर तिघांचीही नावं घालावीत. माती देताना रडारड नको, गाणी गावीत. हर्षद आणि अबोली दोघांनी माती द्यावी. एकाच वेळी द्यावी असं मी लिहू शकत नाही. माझी तशी इच्छा आहे, एवढं लिहू शकते.

कलम ६. हर्षदचं नुकसान. या कलमाने कोणाला काही मिळत नाही. सिद्धेश म्हणाला, मग हे कलम होत नाही. मी म्हटलं, होतं.

बाप गेला तेव्हा हर्षद चौदाचा होता. दहावीला गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळाले. त्याला इंजिनियर व्हायचं होतं. पवईच्या त्या मोठ्या कॉलेजच्या गेटवर जाऊन तो उभा राहायचा, वॉचमनशी ओळख काढली होती. सोळाव्या वर्षी त्याने कॉलेज सोडलं आणि कुरिअरच्या ऑफिसात चिकटला, कारण माझ्या चकल्यांवर दोघांचं भागत नव्हतं. मंडळीत पोरं त्याच्या पाठीमागे बापाची गाणी म्हणायची. चर्चमध्ये त्याच्या दृढीकरणाच्या विधीला बापाच्या जागी साळवे उभे राहिले. हा सगळा त्याचा खर्च झाला, पाप दुसऱ्याचं.

त्यानंतर सगळ्यांनी त्याला एकच सांगितलं. माफ कर. पाळकांनी सांगितलं, साळव्यांनी सांगितलं, विमलाने तर लग्नाच्या मांडवात सांगितलं. मी पण सांगितलं, सगळ्यात जास्त वेळा. पण तुझं काय काय गेलं रे बाळा, हे त्याला एकानेही विचारलं नाही. लिलावाच्या दिवशी मी हसले तेव्हा तो उठून बाहेर गेला. बापलेक घरी आले तेव्हा तो घरातून गेला. लोक म्हणाले, दगड आहे. तो दगड नाही. सात वर्षं माझ्या बाजूने उभा राहिलेला तो एकटाच होता, आणि मी बाजू बदलली ती त्याला न सांगता.

म्हणून इथे कायद्याच्या कागदावर लिहिते. हर्षद बळवंत आढाव याचं जे गेलं ते खरोखर गेलं. ते लहान नव्हतं. त्याची भरपाई माझ्या इस्टेटीत नाही. ती देवाकडे आहे असं मी मानते, आणि त्याने नाही मानलं तरी माझा मुलगाच आहे.

गेली चोवीस वर्षं आम्ही मायलेक स्टेशनजवळच्या उडपी हॉटेलात भेटतो. दर रविवारी, चर्चनंतर. इडली तो मागवतो, बोलते मी. मागच्या रविवारी हा सगळा मसुदा मी त्याला तिथे वाचून दाखवला. कबरीच्या कलमाला तो किंचित हसला. हे कलम वाचलं तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला. मग बिल देऊन निघून गेला, इडली तशीच. आठवडाभर फोन नाही.

कलम ७. घर. वरील पत्त्यावरचा एक बेडरूम, हॉल, किचनचा फ्लॅट, जो चाळ पाडून झालेल्या बिल्डिंगमध्ये मला मिळाला, तो मी हर्षद आणि अबोली दोघांना निम्मा निम्मा देते. माझ्या मनात अट घालायची होती की एक नाताळ दोघांनी इथे एकत्र जेवल्याशिवाय घर विकू नये. सिद्धेश म्हणाला, काकू, असल्या अटी कोर्टात टिकत नाहीत. मग अट नाही. निम्मं निम्मं. बँकेत जे असेल त्यातून माझ्या मौतीचा खर्च निघावा. वर न लिहिलेलं किंवा काही कारणाने कोणाला न पोचलेलं सगळं अबोलीला.

पुरवणी, त्याच दिवशी, सगळ्यांना थांबवून लिहिलेली.

वरचं सगळं लिहून झालं होतं. सहीसाठी साक्षीदार म्हणून चंद्रप्रकाश साळवे आणि विमला यांना बोलावलं होतं. साळवे आले. विमला वाकोल्याला मुलीकडे अडकली, फोनवर म्हणाली मला साडी मिळत नाहीये. सिद्धेश म्हणाला, समोरच्या निमेशभाईंना बोलावू. अबोली उठून दाराकडे गेली, दार उघडलं, आणि दारात हर्षद उभा.

मग हर्षदने अबोलीला विचारलं, "चप्पल कुठे काढू?"

ज्याला मी या जागेवर रांगायला शिकवलं, तो पोरगा विचारतो चप्पल कुठे काढू. अबोली म्हणाली, "कुठेही काढ दादा, आत ये."

तो आत आला, त्याने सिद्धेशकडून कागद घेतले आणि उभ्याउभ्याच कलम ६ काढून वाचलं. शेवटपर्यंत. मग सिद्धेशला विचारलं, हे असंच राहणार ना, खोडणार नाही ना? सिद्धेश म्हणाला, नाही. मग विचारलं, साक्षीदार कमी आहे का? सिद्धेश म्हणाला, आहे, पण तुम्ही नाही चालणार. तुमच्या धर्माच्या मृत्युपत्राचा कायदा असा आहे की साक्षीदाराची सही केलीत तर सही चालते, पण तुम्हाला आणि तुमच्या बायकोला दिलेलं सगळं रद्द होतं. निम्मं घर अबोलीताईंकडे जाईल. कढयासुद्धा. निमेशभाईंची फार तर भाजणी गेली असती.

हर्षद म्हणाला, "कायदा मी आधीच विचारून घेतलाय. श्रुतिकालाही विचारून आलोय. पेन द्या."

मी म्हटलं, अरे वेड्या, तुझा हिस्सा आहे तो, मी तुला दिलाय. साळवे म्हणाले, विचार कर पोरा. अबोली रडत नको नको म्हणत होती. हर्षद तिच्याकडे वळला. "घर तुझं राहू दे गं. मला फक्त येता-जाता आलं पाहिजे."

हे मी घाईघाईत लिहीत आहे, कारण माझी सही आधी व्हायला हवी आणि मला नीट दिसत नाहीये. सिद्धेश म्हणतो, काकू, हे असलं कोणी मृत्युपत्रात लिहीत नाही. चहा ठेवलाय. हर्षद पेन धरून माझ्या खुर्चीमागे उभा आहे आणि म्हणतो, आई, आटप.

प्रभूची स्तुती असो. वरील सर्व मजकूर माझा आहे. वाचला, समजला, आणि मान्य आहे म्हणून साक्षीदारांसमोर सही करते.

स्थळ: कांदिवली (पूर्व), मुंबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

(सही) जया बळवंत आढाव

आम्ही दोघांनी श्रीमती जया आढाव यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले, आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) चंद्रप्रकाश साळवे, वय ७८, मंडळीचे माजी पंच, कांदिवली

साक्षीदार २: (सही) हर्षद बळवंत आढाव, वय ४५, अबोलीचा भाऊ, पवई